मळणीची धूळ, गाजर गवत आणि दमा : शरीरात नेमके काय घडते?



खरिपाची काढणी सुरू झाली की खळ्यावर आणि बांधाबांधावर मळणीयंत्रांचा आवाज घुमू लागतो. सोयाबीन, उडीद, मका, बाजरी यांच्या राशी घरी येतात. याच दिवसांत काही घरांतून एखादी व्यक्ती रात्री दोन-तीन वाजता उठून बसते. खोकल्याची उबळ येते, छातीतून सूं-सूं असा आवाज येतो आणि पहाटेपर्यंत आडवे होता येत नाही. सकाळी थोडे बरे वाटते. मग 'हवा बदलली' किंवा 'थंडी बाधली' असे म्हणून विषय तेथेच सोडला जातो आणि तीच व्यक्ती पुन्हा भुसकट भरायला जाते.

दमा हा विषय वैद्यकाचा आहे आणि प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही या मासिकात हा लेख देण्याचे कारण असे की, दमा चेतविणाऱ्या अनेक गोष्टी दवाखान्यात नसून आपल्या खळ्यात, गोठ्यात, कणगीत, बांधावर आणि अंथरुणात असतात. कोणता कण कोठून उडतो, केव्हा उडतो आणि तो कमी कसा करता येईल, हे शेतकऱ्यास डॉक्टरांपेक्षा अधिक चांगले कळू शकते. मात्र त्यासाठी शरीरात काय घडते ते समजून घेणे आवश्यक आहे.

बार्सिलोनातील सोयाबीन

सोयाबीनच्या धुळीने काय होऊ शकते याचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण स्पेन देशातील बार्सिलोना या बंदराच्या शहरात घडले. तेथे १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या चक्क साथी येत. दमा हा काही देवी-पटकीसारखा संसर्गजन्य रोग नव्हे, तरी एखाद्या दिवशी अचानक काही तासांत रुग्णालयांत दमेकऱ्यांची रांग लागे आणि दुसऱ्या दिवशी सर्व शांत होई. असे २६ वेळा घडले. काही रुग्ण दगावलेही. प्रथम कारखान्यांच्या धुरावर, नंतर हवामानावर संशय घेण्यात आला.

संशोधकांनी रुग्णांचे ठिकाण नकाशावर मांडले तेव्हा बहुतेक ठिपके बंदराच्या आसपास गोळा झाले. मग बंदरातील जहाजांच्या नोंदी काढण्यात आल्या. ज्या साथींच्या दिवसांच्या नोंदी तपासता आल्या, त्या प्रत्येक दिवशी बंदरात सोयाबीन उतरविले जात होते असे आढळले. गहू, मका किंवा इतर माल उतरविल्याच्या दिवसांशी असा मेळ बसला नाही. जहाजातून काढलेले सोयाबीन उंच कोठारांत भरले जाई. त्यांपैकी एका कोठाराच्या माथ्यावर धूळ अडविणाऱ्या गाळण्याच नव्हत्या. धान्य वरून पडताना उठणारी धूळ थेट बाहेर जाई आणि मंद वारा बंदराकडून शहराकडे वाहत असला की ती वस्तीवर पसरे. १९८७ मध्ये गाळण्या बसविण्यात आल्यावर साथींचे हे सत्र आटोक्यात आले. १९८९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

यातील दोन बाबी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, त्रास देणारी प्रथिने सोयाबीनच्या दाण्याच्या टरफलात मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. दाणा खाल्ल्याने नव्हे, तर टरफलाचा बारीक भुगा श्वासातून गेल्याने हा प्रकार झाला. दुसरी बाब अशी की, त्या दिवशी शहरातील लाखो लोकांनी तीच हवा घेतली, पण आजारी पडले ते काही शेकड्यांच्या आतले. रुग्णांचे रक्त तपासले असता बहुतेकांच्या रक्तात सोयाबीनविरुद्ध तयार झालेले एक विशिष्ट प्रतिपिंड सापडले. इतर दमेकऱ्यांत ते फारच थोड्यांत होते. म्हणजे नुसती धूळ पुरेशी नाही. ती धूळ 'ओळखणारे' शरीरही लागते.

(एरंडीच्या बाबतीतही असेच घडले आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो येथे एरंडीच्या तेलगिरणीभोवती राहणाऱ्या लोकांत दमा आढळल्याची नोंद १९२८ सालची आहे. आपल्याकडे एरंडीची पेंड खत म्हणून फोडून, हाताने विस्कटून टाकतात. तिची धूळ दमेकऱ्याने टाळावी.)

वावडे म्हणजे काय?

आपल्या बोलीत 'वावडे' हा फार अचूक शब्द आहे. एखाद्यास वांगे वावडे असते, एखाद्यास उडदाची डाळ. इतरांना जे निरुपद्रवी आहे तेच एखाद्यास बाधते, यालाच वैद्यकात अ‍ॅलर्जी म्हणतात. हा शब्द ऑस्ट्रियातील डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला.

वावडे असलेल्या माणसाच्या रक्तात काहीतरी वेगळे असते, हे १९२१ मध्ये एका धाडसी प्रयोगाने दिसले. जर्मनीतील क्युस्टनर या डॉक्टरांना मासे बाधत. त्यांच्या रक्तातील पाणी, म्हणजे रक्तद्रव, त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. प्राउस्निट्झ यांना माशांचे वावडे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे लाल गांध उठली. म्हणजे वावडे रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे नेता येत होते. रक्तातील हा पदार्थ कोणता, हे कळण्यास पुढे पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांनी १९६६-६७ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे शोधला आणि १९६८ मध्ये त्यास इम्युनोग्लोब्युलिन-ई, थोडक्यात आयजीई, असे नाव मिळाले. बार्सिलोनाच्या रुग्णांत सापडले ते हेच प्रतिपिंड.

आता क्रम पाहू. समजा, सोयाबीनच्या टरफलाचा अथवा एखाद्या परागकणाचा बारीक तुकडा श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर पडला. अस्तराच्या खाली काही पेशी राखणीवर असतात. त्या हा तुकडा गिळतात, त्यातील प्रथिनाचा नमुना घेतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन तेथील पांढऱ्या पेशींना दाखवितात. बहुतेक माणसांत 'हे निरुपद्रवी आहे, सोडून द्या' असा निकाल होतो. काही माणसांत मात्र निकाल चुकतो. 'टी-मदतनीस २' या गटातील पेशी तयार होतात आणि त्या रासायनिक संदेश पाठवून प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींना आयजीई बनविण्याचा हुकूम देतात. हे आयजीई केवळ त्याच प्रथिनास चिकटेल अशा घडणीचे असते. कुलूप आणि किल्लीप्रमाणे.

रक्तात आयजीई इतर प्रतिपिंडांच्या मानाने अत्यल्प असते. ते रक्तात फार काळ न फिरता श्वासनलिका, नाक, डोळे व त्वचा येथील मास्ट पेशींवर जाऊन बसते. मास्ट पेशी म्हणजे दारूगोळ्याने भरलेल्या पिशव्याच समजा. त्यांच्यात हिस्टामिन व इतर तीव्र द्रव्यांचे शेकडो कण साठविलेले असतात. या पिशवीच्या पृष्ठभागावर आयजीईचे हजारो खिळे रोवले जातात आणि तेथे ते कित्येक आठवडे टिकून राहतात.

येथपर्यंत माणसास काहीही जाणवत नाही. ना खोकला, ना शिंक. म्हणूनच 'दहा वर्षे मळणी केली, कधी काही झाले नाही, मग यंदाच धूळ कशी बाधेल?' हा प्रश्न जितका स्वाभाविक तितकाच फसवा आहे. शरीराची तयारी होण्यास काही महिने अथवा काही वर्षेही लागू शकतात.

पुढच्या वेळी तेच प्रथिन आत आले की ते शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळी पकडते. दोन खिळे जोडले गेले की मास्ट पेशी फुटल्यासारखी आपला साठा बाहेर ओतते. काही मिनिटांत श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते आणि चिकट कफ सुटू लागतो. ही पहिली लाट सुमारे अर्ध्या तासात शिगेला पोहोचते आणि एक-दोन तासांत ओसरते.

परंतु खरा धोका दुसऱ्या लाटेत आहे. मास्ट पेशींनी व टी-पेशींनी पाठविलेल्या संदेशांमुळे रक्तातून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी श्वासनलिकेच्या भिंतीत गोळा होतात. या पेशी व आयजीई ही मूळची आतड्यातील जंत व तत्सम परजीवींविरुद्धची फौज असावी असे मानले जाते. जंताच्या जाड कातडीवर टाकायची विषारी प्रथिने त्या येथे आपल्याच नाजूक अस्तरावर टाकतात. ही लाट चार ते बारा तासांनी येते. दुपारी मळणी केली आणि मध्यरात्री दमा उठला, तर दोन्हींचा संबंध माणसाच्या लक्षात येत नाही तो यामुळे. आपल्या घरात कोणास रात्रीचा दमा असेल तर आदल्या दिवशी सकाळपासून ती व्यक्ती कोठे होती, काय काम केले, याची महिनाभर वहीत नोंद ठेवावी. डॉक्टरांस अशी वही फार उपयोगी पडते.

ही सूज वारंवार येत राहिली की नलिका कायमची चिडखोर बनते. मग वावड्याच्या कणाचीही गरज राहत नाही. चुलीचा धूर, मिरचीच्या फोडणीचा खाट, फवारणीच्या औषधाचा उग्र वास, पहाटेची थंड हवा, सर्दी-पडसे किंवा धावपळ यांपैकी कशानेही ती आवळते. धुराने दमा उठतो म्हणून धुराचे वावडे आहे असे नव्हे. धूर हा चिडविणारा आहे आणि चिडण्याची तयारी सुजेने केलेली असते. औषधोपचारात हा फरक महत्त्वाचा ठरतो, त्याबद्दल पुढे येईलच.

नळी अरुंद झाली म्हणजे किती अरुंद?

पाइपलाइन टाकलेल्या शेतकऱ्यास व्यासाचे महत्त्व सांगावयास नको. शांतपणे वाहणाऱ्या हवेस अथवा पाण्यास नळीचा होणारा अडथळा हा व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे व्यास निम्मा झाला तर अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. सुजेने अस्तर थोडेसेच जाड झाले तरी माणूस एवढा का कासावीस होतो याचे उत्तर या हिशेबात आहे. शिवाय श्वास घेताना छाती फुगते व नळ्या ताणल्या जाऊन थोड्या रुंदावतात, सोडताना त्या पुन्हा आकसतात. म्हणून दमेकऱ्यास हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक जड जाते आणि सूं-सूं आवाज प्रामुख्याने श्वास सोडताना येतो. आतली शिळी हवा अडकून राहिल्यामुळे ताज्या हवेस जागाच उरत नाही.

कणाचा आकार

हवेतील प्रत्येक कण फुफ्फुसात पोहोचत नाही. गवतवर्गीय पिकांचे व तणांचे अखंड परागकण साधारणतः २० ते ४० मायक्रॉनचे असतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) एवढे मोठे कण बहुतांशी नाकातच अडकतात, त्यामुळे शिंका, नाक गळणे व डोळे चुरचुरणे हा त्रास होतो. साधारण १० मायक्रॉनपेक्षा लहान कण खाली उतरतात आणि ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण बारीक श्वासनलिकांपर्यंत जातात.

मात्र परागकण फुटू शकतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ रोजी सायंकाळी वादळ आले आणि त्यानंतर हजारो लोकांना एकाच वेळी श्वासाचा त्रास सुरू झाला. दहा जण मृत्युमुखी पडले. भोवतालच्या कुरणांतील राय गवत त्या वेळी फुलोऱ्यात होते. वादळाच्या ओलाव्याने परागकण फुगून फुटले व त्यांतील अतिसूक्ष्म कण जमिनीलगतच्या वाऱ्याने शहरात पसरले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यांतील अनेकांना पूर्वी फक्त शिंकांचा त्रास होता, दमा नव्हता. सबब, दरवर्षी ठरावीक हंगामात नाक गळत असेल तर 'सर्दीच आहे' म्हणून दुर्लक्ष करू नये.

गाजर गवताबद्दल थोडे सविस्तर

आपल्याकडील बांध, पडीक जमीन, रेल्वेची कड आणि गावठाण व्यापणारे गाजर गवत, ज्यास काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी असेही म्हणतात, ते मूळचे अमेरिका खंडातील. भारतात त्याची पहिली नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली आणि ते आयात गव्हाबरोबर आले असे मानले जाते. आज ते देशभर आहे.

या तणापासून माणसास दोन वेगळ्या प्रकारचे त्रास होतात आणि त्यांची गल्लत केली जाते. हाताला, मानेला, चेहऱ्याला खाज सुटून कातडी जाड व काळपट होते तो त्वचारोग झाडातील पार्थेनिन या द्रव्यामुळे होतो. त्यात आयजीईचा मुख्य भाग नसतो. तेथे टी-पेशीच थेट काम करतात व पुरळ एक-दोन दिवसांनी उठते. दुसरा त्रास परागकणांचा. बंगळूर येथील संशोधकांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीस या परागकणांचा नाकाच्या अ‍ॅलर्जीशी संबंध दाखविला. नाकाची अ‍ॅलर्जी व दमा ही एकाच घराची दोन दारे आहेत, त्यामुळे अशा माणसाने या तणाच्या फुलोऱ्यापासून दूर राहणेच इष्ट.

फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून हे तण मुळासकट उपटावे. फुलोऱ्यात आल्यावर उपटणे म्हणजे परागकण स्वतःच्याच तोंडावर झाडून घेणे होय. श्रमदानात शाळेच्या मुलांकडून फुललेले गाजर गवत उपटून घेण्याची प्रथा काही गावांत दिसते, ती तातडीने बंद व्हावी असे मला वाटते. फुलोऱ्याआधी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. पावसाळ्याच्या सुरुवातीस पडीक जागेत तरोट्याचे (टाकळ्याचे) बी फेकल्यास तो गाजर गवतास दाबून टाकतो. मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात ते पाने खाऊन झाडे खिळखिळी करतात, परंतु हिवाळ्यात ते सुप्तावस्थेत जातात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

कणगीत आणि गोधडीत

पिकावरील लाल कोळी आपणास परिचित आहे. त्याच वर्गातील, आठ पायांचे, डोळ्यांस न दिसणारे कोळी घरातही असतात. १९६४ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी घरातील धुळीच्या वावड्याचे मूळ हेच कोळी असल्याचे दाखविले. त्यांची लांबी पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर असते. आपल्या अंगावरून गळणारा कोंडा हे त्यांचे खाद्य. ते चावत नाहीत. त्रास देतात त्यांच्या विष्ठेचे कण. त्या कणांत पचनाचे विकर असते आणि ते श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींचे सांधे उसवते, म्हणजे प्रथिनास आत जाण्याची वाट स्वतःच करून देते. इतके प्रभावी वावडे निर्माण करणारे पदार्थ फार थोडे आहेत.

हे कोळी पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषतात. म्हणून कोकण किनारपट्टी व गोव्यासारख्या दमट हवेत त्यांची चैन असते आणि कोरड्या हवेत ते सुकतात. गोधड्या, उशा व वाकळा कडक उन्हात वारंवार टाकाव्यात. परंतु नुसते ऊन देऊन भागत नाही, कारण कोळी मेले तरी विष्ठा व सांगाडे तेथेच राहतात. अंथरुणाची खोळ दर आठवड्यास ५५ ते ६० अंश सेल्सिअस गरम पाण्यात धुवावी. गोधड्या घराबाहेर आणि दमेकऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी झटकाव्यात. आपल्या घरांत अंथरुणे झटकण्याचे व झाडलोटीचे काम बाईकडेच असते आणि दमा तिलाच असला तरी ते तिच्याकडून सुटत नाही. हे काम वाटून घेण्यास काहीच हरकत नसावी.

साठवणुकीतील धान्यावर, पिठावर व पेंडीवर वेगळ्या जातीचे कोळी वाढतात. त्यांना व बुरशीला ओलावा हवा असतो. धान्य १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यावर वाळवून भरा, पोती भिंतीला न लावता फळ्यांवर रचा, ही शिफारस आपण कीड-बुरशीसाठी नेहमी वाचता. तीच शिफारस घरातील दमेकऱ्याच्या छातीसाठीही आहे. कांद्यावरील जांभळा करपा व टोमॅटोवरील लवकर येणारा करपा ज्या अल्टरनेरिया गटातील बुरशींमुळे होतो, त्याच गटातील बुरशीचे बीजाणू काही रुग्णांत दम्याचे तीव्र झटके आणतात. करपलेले पीक, भिजलेला कडबा वा काळी पडलेली कणसे हाताळताना हे लक्षात असावे. गाई-म्हशींच्या अंगाचा कोंडा आणि झुरळांची विष्ठा हीसुद्धा वावड्याची मान्य कारणे आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बुरसटलेले गवत, कडबा अथवा उसाचे जुने चिपाड हाताळल्यावर काही तासांनी ताप, थंडी, अंगदुखी व धाप येत असेल आणि सूं-सूं आवाज नसेल, तर तो दमा नसून फुफ्फुसाच्या वायुकोशांचा वेगळा आजार असू शकतो. त्याची यंत्रणाही वेगळी व उपचारही वेगळे. डॉक्टरांना आपले काम नेमके सांगावे.

गोठा तारतो की मारतो?

एक विरोधाभास वाटेल अशी गोष्ट. अमेरिकेतील अमिश व हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज मूळचे युरोपातील आणि खाण्यापिण्यात व वंशात जवळचे. अमिश लोक घोड्यांनी पारंपरिक शेती करतात व त्यांची मुले लहानपणापासून गोठ्यात वावरतात. हटराइट लोकांची शेती मोठ्या यंत्रांची व गोठे घरांपासून दूर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळकरी मुलांतील दम्याचे प्रमाण अमिशांत सुमारे ५ टक्के, तर हटराइटांत सुमारे २१ टक्के असल्याचे नमूद आहे. बाल्यावस्थेत गोठ्यातील नाना प्रकारच्या जंतूंचा सहवास प्रतिकारशक्तीस संयम शिकवितो, असा याचा अर्थ लावला जातो.

याचा कोणी असा अर्थ घेऊ नये की, दमा असलेल्या मुलास गोठ्यात झोपवावे. एकदा आयजीई तयार झाले की तोच गोठा त्रास वाढवितो. वंशपरंपरेचाही भाग आहेच. आई-वडिलांस अ‍ॅलर्जी असल्यास मुलांत तिची शक्यता वाढते.

खळ्यावर काय करावे?

मळणीयंत्र घरापासून दूर, आणि भुसकटाचा झोत घराच्या व माणसांच्या विरुद्ध दिशेस जाईल असे लावावे. बार्सिलोनात वाऱ्याच्या दिशेने जे केले ते येथेही होते. काम करणाऱ्यांनी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस उभे राहावे. तोंडाला पंचा अथवा पदर गुंडाळल्याने जाड धूळ अडते, पण दमा उठविणारे बारीक कण कापडातून सहज जातात. त्यासाठी चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ प्रकारचा मास्क वापरावा. दमेकऱ्यास मळणीच्या तोंडाशी, भुसकट (विदर्भात ज्यास कुटार म्हणतात) भरण्यास अथवा कोठी झाडण्यास लावू नये. वजनकाटा, हिशेब, पोती शिवणे अशी कामे त्यास द्यावीत. कडब्याची कुट्टी करताना वर थोडे पाणी शिंपडून लगेच गुरांना घालावे, ओली करून साठवू नये. घरी आल्यावर प्रथम आंघोळ करून कपडे बदलावेत. धुळीचे कपडे घालून अंथरुणावर पडणे म्हणजे खळे उशाशी आणणे होय.

पंपाची भीती

इनहेलरला आपल्याकडे 'पंप' म्हणतात आणि 'एकदा पंप लागला की सुटत नाही' असा समज घट्ट बसला आहे. लग्नाच्या मुलीचा पंप तर लपवूनच ठेवला जातो आणि सासरी गेल्यावर तो बंद होतो. याची किंमत तिला जिवाने मोजावी लागू शकते.

इनहेलरचे औषध मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक आवळलेले स्नायू सैल करणारे. त्याने पाच-दहा मिनिटांत आराम पडतो. परंतु वर सांगितलेली सूज, म्हणजे दुसरी लाट, त्याने कमी होत नाही. ती कमी करणारे दुसरे औषध श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड होय. त्याने लगेच काही जाणवत नाही, म्हणून रुग्ण ते सोडून देतो आणि फक्त आराम देणारे वापरतो. येथेच घात होतो. केवळ जलद आराम देणाऱ्या औषधावर दमा चालवू नये, अशी स्पष्ट शिफारस दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून आहे. स्टिरॉइड शब्दाने घाबरू नये. इनहेलरमधील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे गोळीच्या मात्रेच्या कितीतरी पट कमी असते आणि ती थेट नलिकेत जाते. घेतल्यावर चूळ भरावी. स्पेसर, म्हणजे मधली पोकळ नळी, लावून घेतल्यास औषध घशात न बसता आत जाते.

मृगाच्या सुमारास हैदराबादला माशातून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्याने दमा बरा होतो असे शास्त्रीय चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. जाणे न जाणे ज्याचा त्याचा प्रश्न, परंतु त्यासाठी चालू इनहेलर बंद करू नये. नाव-गाव नसलेल्या पुड्या मात्र निश्चित टाळाव्यात. अशा पुड्यांत काही वेळा पोटात घ्यायचे स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्यामुळे बरे वाटते, परंतु रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे असे परिणाम पाठोपाठ येतात.

झटका आल्यास रुग्णास आडवे करू नये. ताठ बसवून, थोडे पुढे झुकवून, कपडे सैल करावेत व डॉक्टरांनी सांगून ठेवलेल्या मात्रेत आराम देणारे औषध स्पेसरमधून द्यावे. रुग्णास एक वाक्य एका दमात पुरे बोलता येत नसेल, ओठ व नखे निळसर दिसत असतील, मानेच्या शिरा व बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये. मोठ्याने येणारी घरघर अचानक थांबली आणि रुग्ण मलूल झाला, तर 'आराम पडला' असे समजू नका. हवा इतकी कमी फिरत असते की आवाज निघण्यापुरतीही ती उरलेली नसते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येण्यास उशीर होत असेल तर गावात जे वाहन असेल त्यातून, रुग्णास बसलेल्या स्थितीतच, प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.